तारेवरचा रोबो आणि तारेतलीच वीज : हिशोब कुठे जुळतो, कुठे अडतो?

तारांगण (धागाकर्ते)

ज्या तारेतून शेकडो मेगावॅट वीज वाहते आहे, त्याच तारेवर बसलेला पाहणीचा रोबो बॅटरी उतरली म्हणून खाली काढावा लागतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. कॅनडातील हायड्रो-क्वेबेकच्या संशोधन संस्थेने घडवलेला लाइनस्काउट हा या क्षेत्रातला बहुधा सर्वांत परिचित रोबो आहे. तो ७३५ किलोव्होल्टपर्यंतच्या चालू वाहिनीवर फिरतो, वाटेतले डँपर (तारेची थरथर शोषणारी वजने) आणि क्लँप (तार धरून ठेवणारे चिमटे) ओलांडतो, पण चालतो बॅटरीवर. तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून वीज घेण्याची कल्पना जुनी आहे आणि तिच्यामागचे भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकातले आहे; तरीही फिरत्या रोबोंमध्ये ती सर्रास दिसत नाही. माझ्या मते यामागे वजन आणि वेळ यांचा हिशोब आहे, आणि तो कागदावर मांडल्याशिवाय या विषयावरचा वाद पुढे सरकत नाही. आकडे कुणालाही ताडून पाहता यावेत म्हणून मुद्दाम सोपे घेतले आहेत.

रोबो एकाच तारेला टेकलेला असतो. तारेचा जमिनीच्या तुलनेत विद्युतदाब (व्होल्टेज) कितीही मोठा असला, तरी रोबोच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचा दाबातला फरक मिलिव्होल्टांतच मोजावा लागतो. त्यामुळे दोन टोके जोडून वीज घेण्याचा मार्ग बंद होतो. राहिले तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र. तारेभोवती पोलादी गाभ्याचे कडे बसवायचे, त्या कड्यावर तांब्याचे वेढे घालायचे, की तार ही प्राथमिक आणि ते वेढे ही दुय्यम गुंडाळी होते. वीजक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर, तो हाच. फरक इतकाच, की इथे त्याच्याकडून मोजमाप नको, काम हवे आहे.

समजा, गाभ्याचा छेद १० चौरस सेंटिमीटर आहे, चुंबकीय मार्गाची लांबी २५ सेंटिमीटर आहे आणि पट्टी सिलिकॉन पोलादाची आहे. अशा गाभ्याचे वजन सुमारे १.९ किलो भरते. पोलाद १.५ टेस्लापर्यंतच (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) वापरायचे ठरवले, तर ५० हर्ट्झला एका वेढ्यामागे सुमारे ०.३३ व्होल्ट मिळतात. त्यापुढे गाभा संपृक्त होऊ लागतो, म्हणजे आणखी चुंबकीय क्षेत्र पेलेनासा होतो, म्हणून तारेत १०० अँपिअर असताना ३३ वॅट ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात तेवढेही हाती येत नाहीत, कारण रोबोचे कडे उघडझाप करणारे असते आणि दोन अर्ध्या भागांच्या सांध्यांत बारीक फट राहतेच. प्रत्येक सांध्यात ०.०५ मिलिमीटर, म्हणजे एकूण ०.१ मिलिमीटर फट धरली, तरी १०,००० सापेक्ष पारगम्यतेचे (चुंबकीय क्षेत्राला वाट देण्याच्या क्षमतेचे) पोलाद २,००० असल्यासारखे वागू लागते. मग तारेतल्या प्रवाहाचा मोठा हिस्सा गाभा चुंबकित करण्यातच खर्च होतो आणि १०० अँपिअरला जास्तीत जास्त १६ वॅट पदरात पडतात. त्याच कड्यातून ५० अँपिअरला ४ वॅट, २०० अँपिअरला सुमारे ५५ आणि ५०० अँपिअरला सुमारे १६० वॅट मिळू शकतात. तांबे आणि पोलाद यांतली हानी यातून अजून वजा व्हायची आहे.

आता खर्चाची बाजू. रोबो ५० किलोचा, वेग सेकंदाला ०.३ मीटर, दोन टॉवरांमधले अंतर ४०० मीटर आणि तारेचा झोल (मध्यभागी ती खाली लोंबते ते अंतर) १२ मीटर असा धरू. झोलाच्या तळापासून टॉवरपर्यंत चढायला निव्वळ १.६ वॅट-तास लागतात. चाकांचे घर्षण आणि मोटरची कार्यक्षमता धरून सगळी हालचाल ५ वॅट-तासांच्या आसपास भागते. पण हे अंतर कापायला २२ मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात कॅमेरे, संगणक आणि रेडिओ यांनी मिळून ३० वॅट घेतले तर ते ११ वॅट-तास होतात. म्हणजे रोबोची भूक मुख्यतः डोळ्यांची आणि डोक्याची आहे, पायांची नव्हे. रोबोच्या मोटरवरच चर्चा करणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतः काढून पाहावा.

शेवटचा आकडा मला सर्वांत निर्णायक वाटतो. गाभा, तांबे, उघडझापेची यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून कड्याचे वजन ३ किलो धरले, तर तेवढ्याच वजनाची लिथियम बॅटरी सुमारे ४५० वॅट-तास साठवते. १६ वॅट देणाऱ्या कड्याला तेवढी ऊर्जा द्यायला २८ तास लागतील. ५०० अँपिअरच्या वाहिनीवर तेच काम तीन तासांत होईल. जो रोबो सकाळी चढवून संध्याकाळी उतरवायचा आहे, त्याने कमी भाराच्या वाहिनीवर कडे वाहून नेण्यापेक्षा जादा बॅटरी न्यावी. कडे शोभते ते तारेवर मुक्काम करणाऱ्या रोबोला. या निष्कर्षाशी कुणी असहमत असल्यास त्यांनी कारणांसह लिहावे.

शंकासुर

हिशोब आवडला. पण कडे, त्याची उघडझाप आणि त्याचे वजन यांत अडकायचेच कशाला? वाहिनीच्या आसपास चुंबकीय क्षेत्र असतेच. तारेला न शिवता, काही मीटर अंतरावरून, मोठ्या वेटोळ्याने वीज का घेता येऊ नये? मोबाइल तारेशिवाय चार्ज होतो, मग ड्रोन तारेजवळ तरंगताना का होऊ नये?

चुंबकसूची

शंकासुर, मोबाइलचा चार्जर शंभर किलोहर्ट्झच्या वर चालतो आणि त्यातली दोन वेटोळी एकमेकांपासून काही मिलिमीटरवर असतात. इथे वारंवारता ५० किंवा ६० हर्ट्झ आहे आणि अंतर मीटरचे आहे, त्यामुळे ती तुलना टिकत नाही.

आकडाच हवा असेल तर एक चौरस मीटरचे वेटोळे घ्या आणि ते १० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात धरा. १०० अँपिअरच्या एकट्या तारेपासून २ मीटरवर एवढे क्षेत्र असते. वाहिनीचे तीन फेज, म्हणजे तिचे तीन स्वतंत्र प्रवाहमार्ग, एकत्र असताना त्यांची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी मारतात आणि अंतराबरोबर क्षेत्र याहून झपाट्याने घटते. ५० हर्ट्झला एका वेढ्यात सुमारे ३ मिलिव्होल्ट निर्माण होतात. हजार वेढे घातले तर ३ व्होल्ट झाले, पण त्यासाठी चार किलोमीटर तार लागली. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध १३८ ओहमच्या आसपास भरतो. संधारित्र (कपॅसिटर) लावून वेटोळ्याचे स्वप्रवर्तन (बदलत्या प्रवाहाला होणारा त्याचा स्वतःचा विरोध) पूर्णपणे रद्द केले आणि भार नेमका जुळवला, तरी मिळतात सुमारे १८ मिलिवॅट. आणि त्या तांब्याचे वजन? १८ किलो. किलोमागे एक मिलिवॅट! तरंगणाऱ्या ड्रोनला शेकडो वॅट लागतात. त्याने तारेवर बसलेच पाहिजे.

बंद गाभ्याचा आणखी एक फायदा धागाकर्त्यांनी लिहिलेला नाही. तार कड्याच्या नेमक्या मध्यभागी असण्याची गरज नसते. गाभा तारेभोवती पूर्ण बंद असेल, तर तार एका बाजूला सरकली तरी मिळणाऱ्या विजेत विशेष फरक पडत नाही. रोबो वाऱ्यात हेलकावे खातो, तारेवर जागोजागी दुरुस्तीच्या स्लीव्ह असतात आणि डँपरजवळ तार थरथरते, हे सगळे पाहता ही सवलत फार मोलाची आहे. कडे तारेला न घासता तिच्याभोवती मोकळे ठेवता येते आणि रोबो चालत असतानाही वीज घेत राहतो.

हॉटस्टिक

मी चालू वाहिनीवर काम करणाऱ्या गटात बराच काळ आहे, म्हणून कागदावरच्या त्या ०.१ मिलिमीटरबद्दल लिहितो. टाँग टेस्टर (तारेभोवती जबडा मिटून प्रवाह मोजणारे उपकरण) वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, की जबड्याच्या टोकांवर धूळ किंवा गंज आला किंवा जबडा किंचित अर्धवट मिटला, की वाचन घसरते. तिथे आपण जबडा दोनदा उघडून मिटतो आणि पुढे जातो. तारेवर महिनोन्महिने राहणाऱ्या कड्याजवळ मात्र जबडा पुसणारे कुणी नसते.

जुनी तार हाताळली की हातमोजे काळे होतात. अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, धुळीचा आणि जुन्या ग्रीसचा तो थर चाकांबरोबर उडतो आणि सांध्यावर जाऊन बसतो. शिवाय गाभ्याचे दोन अर्धे भाग सेकंदाला शंभर वेळा एकमेकांना ओढतात आणि सैल सोडतात, कारण ओढ प्रवाहाच्या दोन्ही दिशांना सारखीच असते. सांधा घट्ट नसेल तर तो गुणगुणत नाही, ठोके देतो. त्या ठोक्यांनी घासून गुळगुळीत केलेले पृष्ठभाग खरवडले जातात, फट वाढते आणि वीज घटते. माझ्या अंदाजाने पहिल्या महिन्यात १६ वॅट देणारे कडे पावसाळा संपल्यावर तेवढे देणार नाही. सांध्यांची तोंडे नुसती सपाट न ठेवता एकमेकांत सरकणाऱ्या पाचरीसारखी केली, तर मिटताना ती एकमेकांना पुसून काढतील असे वाटते. त्यांचे क्षेत्रफळ वाढल्याने तेवढ्याच फटीचा उपद्रवही कमी होईल.

दुसरी गोष्ट, कडे उघडण्याची. धागाकर्त्यांच्याच गाभ्यात १ टेस्ला असताना ओढ किती, हे कुणीतरी काढून सांगावे. डँपर आला की कडे उघडावे लागणार आहे, आणि टॉवरच्या दोन्ही बाजूंना डँपर असतातच.

तारांगण

हॉटस्टिक, आपण विचारलेला आकडा असा आहे. १ टेस्लाला १० चौरस सेंटिमीटरच्या एका सांध्यावर क्षणिक कमाल ओढ सुमारे ४०० न्यूटन येते. दोन सांधे मिळून ती ८० किलो वजनाइतकी होते आणि सरासरी काढली तर त्याच्या निम्मी. छोट्या मोटरने हे उघडायचे म्हटले तर मोटर, गिअर आणि त्यांना धरणारी चौकट यांचे वजन गाभ्यालाही मागे टाकील.

सुदैवाने उपाय सोपा आहे आणि तो सीटीच्या जुन्या नियमातच दडलेला आहे. सीटीची दुय्यम गुंडाळी उघडी ठेवायची नाही, शॉर्ट करायची, हे आपल्याला सुरक्षिततेसाठी शिकवले जाते, कारण उघड्या टोकांवर घातक दाब चढतो. शॉर्ट केल्यावर दुय्यम प्रवाह तारेच्या प्रवाहाचा परिणाम जवळजवळ पुसून टाकतो आणि गाभ्यातला चुंबकीय प्रवाह एकदम खाली येतो. ओढ चुंबकीय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती त्याहून झपाट्याने कोसळते. म्हणून क्रम असा हवा : आधी शॉर्ट, मग कडे उघडणे, मग अडथळा ओलांडणे, मग मिटणे आणि सर्वांत शेवटी शॉर्ट काढणे. मात्र सांधा उघडू लागला की वेढ्यांचे तारेशी असलेले जोडणेही सैल होते. तेव्हा उघडणे सावकाश नको, झटक्यात हवे.

हीच ओढ उलट्या बाजूने उपयोगीही पडते. सदर्न डेन्मार्क विद्यापीठातील गटाने २०२४ मध्ये सादर केलेल्या ड्रोनमध्ये उघडझाप करणारा गाभाच पकडीचे काम करतो. ड्रोन तारेजवळ येऊन तिला पकडतो, गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र नियंत्रित करून पकड आणि चार्जिंग दोन्ही सांभाळतो आणि बॅटरी भरली की सुटतो. प्रत्यक्ष तीन-फेज वाहिनीवर त्यांनी उडणे, बसणे, चार्ज होणे आणि पुन्हा उडणे अशी आवर्तने काही तास सलग, माणसाच्या मदतीशिवाय करून दाखवली. पकडून ठेवण्यासाठी वेगळी वीज खर्च होत नाही, हा त्यातला मला सर्वांत देखणा भाग वाटतो.

निरीक्षक

डेन्मार्कच्या ड्रोनचा उल्लेख झालाच आहे, तर मूळ प्रश्नच विचारतो. सरकणारा रोबो हवाच कशाला? ड्रोन उडत जातो, त्याला डँपर, स्पेसर (शेजारच्या तारा अलग ठेवणारे दांडे), सस्पेन्शन क्लँप, विमानांसाठी लावलेले रंगीत गोळे यांपैकी काहीच आडवे येत नाही. आणि सतत लक्ष ठेवायचे असेल, तर तारेवर कायमचे बसवलेले सेन्सर आहेतच. नॉर्वेच्या हाइमडाल पॉवरसारख्या कंपन्यांचे गोळ्याच्या आकाराचे सेन्सर तारेच्या क्षेत्रातूनच वीज घेतात आणि तापमान, प्रवाह, झोल कळवतात. ते ड्रोनने बसवताही येतात. एकदा बंद केलेले कडे पुन्हा उघडायचे नसल्याने फट, ओढ, ठोके हे प्रश्न तिथे फारसे उद्भवत नाहीत. ही कल्पना जिथे यशस्वी झाली आहे, तिथे ती स्थिर उपकरणांतच का झाली आहे, याचे उत्तर हॉटस्टिक यांच्या प्रतिसादात आहे.

हॉटस्टिक

स्थिर सेन्सर त्याच्या जागेपुरते सांगतो. तारेचा तुटलेला पदर क्लँपच्या तोंडाशी असतो, आतला पोलादी गाभा गंजला असेल तर तो बाहेरून दिसतही नाही आणि जॉइंटचा रोध वाढलेला असेल तर तो जॉइंटच्या दोन्ही बाजूंना संपर्क करूनच मोजावा लागतो. ड्रोन दुरून छायाचित्र काढील, उष्ण जागा दाखवील, पण तारेला टेकून मोजायची कामे टेकणाऱ्या यंत्रालाच करावी लागतील. ड्रोनने तारेवर बसून ती केली तर माझी हरकत नाही. मग तो रोबोच झाला.

बंडल

धाग्यात अजून न आलेली एक गोष्ट मांडतो, जी माझ्या मते वरच्या सगळ्या आकड्यांना खाली ओढते. मोठ्या दाबाच्या वाहिनीवर प्रत्येक फेजला एकच तार नसते. दोन, तीन, चार किंवा त्याहून अधिक उपतारांचे बंडल असते. फेजमध्ये ६०० अँपिअर असतील आणि बंडल चार तारांचे असेल, तर कड्यात सापडतात फक्त १५०. भव्य वाहिनी पाहून कुणी भरघोस वीज मिळेल असे धरले असेल, तर त्याने आधी उपतारा मोजाव्यात. चारही तारांना एकत्र कवेत घेणारा गाभा करता येईल, पण त्या तारा एकमेकींपासून ४०-४५ सेंटिमीटरवर असतात. तेवढ्या घेराच्या गाभ्याचे वजन आणि मधले स्पेसर ओलांडण्याची कसरत पाहता ते व्यवहार्य नाही.

त्यात भार बदलता असतो. रात्री, सुट्टीच्या दिवशी आणि पवन किंवा सौर प्रकल्पाच्या वाहिनीवर वारा पडला किंवा ढग आले की प्रवाह उतरतो. समांतर वाहिनी चालू असेल तर काही वेळा एखादी वाहिनी दाबाखाली असूनही जवळजवळ भाररहित असते. म्हणून कड्याचा आकार वाहिनीच्या क्षमतेवरून ठरवू नये. मागील वर्षभराच्या नोंदींतून सर्वांत कमी प्रवाहाचे तास शोधावेत आणि त्या तासांत रोबो जिवंत राहील एवढे कडे द्यावे. काहींना रोबो तारांच्या वर, जमिनीला जोडलेल्या अर्थ वायरवर चालवणे सोयीचे वाटते, कारण तिथून खालच्या तिन्ही फेज दिसतात. पण अर्थ वायरमध्ये भाराचा प्रवाह नसतो, शेजारच्या फेजमुळे प्रवर्तित झालेला थोडासा असतो, आणि तोही टॉवरशी तिची जोडणी कशी आहे यावर अवलंबून असतो. तिथे या पद्धतीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

चुंबकसूची

बंडल यांच्या मुद्द्यावर एक उतारा आहे, निदान अर्धा तरी. कमी प्रवाहात वीज इतकी का घटते? कारण फटीमुळे चुंबकनाचा प्रवाह फार लागतो आणि भाराच्या वाट्याला थोडाच येतो. तो चुंबकनाचा प्रवाह दुय्यम बाजूला समांतर संधारित्र जोडून भरून काढला, तर तारेचा जवळजवळ सगळा प्रवाह भाराच्या कामी येतो. धागाकर्त्यांच्या कड्यातून ५० अँपिअरला ४ वॅट मिळत होते. संधारित्रासह तिथली वरची मर्यादा १६ वॅटपर्यंत जाते. १०० अँपिअरला १६ चे ३३ होतात. म्हणजे फायदा सर्वांत जास्त तिथेच होतो, जिथे त्याची गरज सर्वांत जास्त आहे.

अर्धा उतारा म्हणण्याचे कारण असे, की संधारित्र एका ठरावीक प्रेरकत्वाला (गुंडाळीच्या स्वप्रवर्तनाच्या मापाला) जुळवलेले असते आणि ते प्रेरकत्व सांध्यातल्या फटीवर ठरते. हॉटस्टिक म्हणतात तसा सांध्यावर काळा थर बसला, की जुळणी सुटली. त्यामुळे एकच संधारित्र न लावता लहान लहान संधारित्रांची बँक ठेवून नियंत्रकाने वेळोवेळी योग्य जोडणी शोधावी लागते. वेढ्यांतून फिरणारा प्रवाह वाढल्याने तांब्यातली हानीही वाढते, म्हणजे तांबे जाड हवे, म्हणजे पुन्हा वजन. तरीही शंभर ग्रॅम संधारित्रांनी जे साधते, ते किलोभर पोलाद वाढवून साधत नाही, असे माझे मत आहे.

गाभ्याचे द्रव्य कोणते, हा प्रश्न येणारच. नॅनोक्रिस्टलाइन पट्टीची पारगम्यता फार मोठी असली, तरी ती १.२ टेस्लाच्या आसपास संपृक्त होते आणि फट असताना तिच्या पारगम्यतेचा फायदा बव्हंशी फटच गिळते. फेराइट ०.४-०.५ टेस्लालाच थकते. उघडझापेच्या जड कामासाठी साधे दिशिक (कण एका दिशेत लावलेले) सिलिकॉन पोलाद अजून कालबाह्य झालेले नाही, १.५ टेस्लाला त्यातली हानी किलोमागे वॅटभर असते.

शंकासुर

आणखी तीन शंका. एक, अशाने वाहिनीला काही त्रास होतो का? दोन, ही वीज कुणाच्या खात्यातून जाते? तीन, एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या, वाहिनीवर काय करायचे?

बंडल

पहिल्या दोन शंकांचे उत्तर एकच आहे. ३३ वॅट घेणारे कडे १०० अँपिअरच्या तारेत ०.३३ व्होल्टची घट घालते. लाखो व्होल्टच्या वाहिनीला ती जाणवणार नाही, पण ती वीज फुकट नाही; जनित्राला तेवढी अधिक पुरवावीच लागते. रोबो वाहिनीच्या मालकाचाच असेल तर ती पाहणीच्या खर्चात नगण्य आहे. परक्या ड्रोनने परवानगीशिवाय तारेवर बसून चार्ज होणे मात्र सरळ चोरी ठरेल, मग ती कितीही किरकोळ असो.

एचव्हीडीसीवर ही पद्धत चालत नाही. तिथले चुंबकीय क्षेत्र स्थिर असते, आणि स्थिर क्षेत्र गाभ्यात कितीही असले तरी वेढ्यांत काहीच निर्माण करत नाही. रोबो तारेवरून पळवला तरी उपयोग नाही, कारण तारेच्या लांबीभर क्षेत्र सारखेच असते आणि कड्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलत नाही. परिवर्तक केंद्रातून येणारे तरंग फिल्टर आणि रिअॅक्टर लावून मुद्दाम दाबलेले असतात. तिथे सौर पट्टी किंवा बॅटरी.

तारांगण

बंडल आणि चुंबकसूची यांचे प्रतिसाद एकत्र वाचल्यावर रोबोची दिनचर्याच मला अधिक स्पष्ट दिसते. १०० अँपिअर आणि १६ वॅट हेच वाईट गृहीतक कायम ठेवू. दोन टॉवरांमधला एक टप्पा पार करायला हालचालीचे ५ आणि उपकरणांचे ११ मिळून १६ वॅट-तास लागतात. चालता चालता २२ मिनिटांत ६ परत मिळतात. उरलेले १० वॅट-तास रोबोने १ वॅटवर झोपून भरून काढले, तर त्याला ४० मिनिटे लागतात. म्हणजे तासाला एक टप्पा, दिवसाला नऊ-दहा किलोमीटर. हा वेग माणसाच्या पायी पाहणीशी तुलना करण्याजोगा आहे, आणि रोबोला रात्रीची अडचण नाही. निरीक्षक यांना मी एवढेच म्हणेन, की ड्रोन एका दिवसात जे पाहतो ते या रोबोने महिन्यात पाहिले तरी चालते, कारण तारेचा गंज दिवसात वाढत नाही.

म्हणूनच मी संगणकाच्या भुकेकडे पुन्हा वळतो. प्रत्येक छायाचित्र तारेवरच तपासण्याचा आग्रह सोडला आणि ३० वॅटचे १५ केले, तर टप्प्यामागचा खर्च १६ वरून साडेदहा वॅट-तासांवर येतो. तेवढ्यासाठी पोलाद वाढवायचे ठरवले असते, तर रोबोच्या चाकांवर, पकडीवर आणि तारेवर त्याचा भार आला असता.

विद्युत क्षेत्राबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. तारेजवळच्या धातूच्या पत्र्याची जमिनीशी काही पिकोफॅरड धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असते. १० पिकोफॅरड आणि जमिनीशी २३० किलोव्होल्ट दाब असेल, तर ५० हर्ट्झला ०.७ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. त्यातून काढता येणारी शक्ती बहुधा वॅटच्या आतच राहते, म्हणून रोबो त्यावर चालणार नाही. पण हा प्रवाह भारावर अवलंबून नाही. वाहिनी दाबाखाली असली, की तारेतून एकही अँपिअर वाहत नसला तरी तो मिळतो. भाररहित रात्री रोबोचे घड्याळ आणि रेडिओ जागे ठेवायला तो पुरेसा आहे.

हॉटस्टिक

एक शेवटचा, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वाहिनीवर दोष (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) आला की तारेतून हजारो अँपिअर वाहतात आणि ब्रेकर उघडेपर्यंत शंभर मिलिसेकंदांच्या आसपास वाहत राहतात. गाभा तेव्हा गच्च संपृक्त होतो, ही एका परीने कृपाच, कारण त्यामुळे ऊर्जेला लगाम बसतो. पण प्रवाह शून्यातून जाताना दर अर्ध्या आवर्तनात दाबाचा अणकुचीदार सुळका येतो आणि तो रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) फोडतो. तिथे तात्काळ शॉर्ट करणारे काहीतरी हवे, आणि ते संगणकाच्या आज्ञेची वाट पाहणारे नसावे.

त्याहून अवघड प्रश्न असा : रोबोची बॅटरी पूर्ण मेली तर शॉर्ट करणारा स्विच कोणत्या अवस्थेत राहणार? उघडा राहिला तर टोकांवर दाब चढणार आणि कडे मिटलेले, ओढीने आवळलेले राहणार. मग त्याला तारेवरून काढायला चढलेल्या माणसाने ते कसे उघडायचे? बंद राहिला तर माणूस सुरक्षित, पण रोबोला पुन्हा कधीच वीज मिळणार नाही आणि तो स्वतःहून उठणार नाही.

चुंबकसूची

स्विच बंदच राहिला पाहिजे, यात तडजोड नको. आज्ञा नसताना आपोआप शॉर्ट राहणारा रिले घ्यावा, त्याला समांतर थायरिस्टरची (इलेक्ट्रॉनिक स्विचची) जोडी ठेवावी, जी ठरावीक दाबाला स्वतःहून चालू होईल, आणि मुख्य कड्याबाहेर हाताने किंवा हॉटस्टिकने (चालू तारेवर वापरायच्या वीजरोधक काठीने) फिरवता येईल असा एक यांत्रिक शॉर्टही द्यावा.

मेलेल्या रोबोला उठवण्यासाठी दुसरे, स्वतंत्र छोटे कडे बसवावे. त्याचा छेद अर्धा चौरस सेंटिमीटर असला तर गाभ्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आत राहते, आणि ५० अँपिअरला त्यातून सुमारे ०.२ वॅट मिळतात. तेवढ्यावर नियंत्रक जागा होतो, मुख्य गुंडाळीची तपासणी करतो आणि सगळे ठीक असेल तरच रिले उचलतो. या छोट्या कड्याला शॉर्ट करण्याची सोय नसली तरी बिघडत नाही. तेवढ्या प्रवाहात त्याच्या एका सांध्यावरची ओढ ५ न्यूटनच्या आसपास असते, आणि दोषाच्या वेळी येणारे त्याचे सुळके एका झेनर डायोडच्या (दाब ठरावीक मर्यादेत रोखणाऱ्या घटकाच्या) जोडीला पेलता येतात.

हॉटस्टिक

हे पटले. फक्त यांत्रिक शॉर्टची कडी रोबोच्या खालच्या बाजूला, टॉवरकडे तोंड करून द्यावी आणि तिच्यावर लाल रंग द्यावा; काठीच्या टोकाने ती शोधताना माणूस क्रॉसआर्मवर (टॉवरच्या आडव्या हातावर) बसलेला असतो आणि रोबोची वरची बाजू त्याला दिसत नाही. कडीच्या कडाही गोल ठेवाव्यात, नाहीतर ४०० किलोव्होल्टवर तिथूनच कोरोना (हवेत होणारा वीजस्राव) सुरू होईल.